परराज्यीय पर्यटक आणि राज्य उद्यानांतील मुक्काम-शुल्क

अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये कायदा करून पाच राज्य उद्यानांत परराज्यीय पर्यटकांसाठी वेगळे दर लागू केले. मोटारीच्या एका दिवसाच्या प्रवेशाला रहिवाशास ७ डॉलर, तर बाहेरच्यास १४ डॉलर पडू लागले. तंबू किंवा फिरते घर उभे करून रात्रीचा मुक्काम करावयाचा असल्यास त्या जागेचे शुल्कही बाहेरच्यासाठी दुपटीपर्यंत गेले. रक्कम लहान असली तरी तिच्यामागील प्रश्न लहान नाही. सार्वजनिक मालमत्तेचा मालक नेमका कोण, आणि संघराज्याचा नागरिक दुसऱ्या घटक राज्यात कोणत्या नात्याने प्रवेश करतो, हे दोन्ही प्रश्न या दरपत्रकात गुंतलेले आहेत.

दरभेदाच्या समर्थनार्थ सामान्यतः दोन कारणे पुढे केली जातात. पहिले कारण करांचे. राज्यातील रहिवासी उद्यानाच्या दारात पोहोचण्यापूर्वीच कररूपाने त्याच्या खर्चात वाटा उचलून बसलेला असतो. तेव्हा बाहेरच्याने तो वाटा शुल्कातून भरून द्यावा, हे न्याय्यच होय. मोंटाना राज्यात हे तत्त्व स्पष्टपणे दिसते. तेथील रहिवासी मोटारीच्या वार्षिक नोंदणीबरोबर उद्यानांसाठी एक लहान रक्कम देतो व त्यामुळे त्याला दिवसाचे प्रवेश-शुल्क पडत नाही. परराज्यीय पर्यटकाने अशी रक्कम दिलेली नसल्यामुळे तो दारातच पैसे देतो. दुसरे कारण गर्दीचे. मुक्कामाच्या जागा मोजक्या असतात, उन्हाळ्यातील सुट्ट्यांत त्या भरून जातात आणि रहिवाशालाच आपल्या उद्यानात जागा मिळेनाशी होते.

ही दोन कारणे बहुधा एका दमात सांगितली जातात. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे निष्कर्ष भिन्न आहेत. रहिवाशाचा तंबू जेवढी जागा अडवितो तेवढीच परराज्यीयाचाही अडवितो. त्यामुळे टंचाईच्या तत्त्वावर किंमत ठरवावयाची तर गर्दीच्या दिवसांत ती सर्वांनाच वाढवावी लागेल. त्या तत्त्वातून भेद निघत नाही. भेदाला खरा आधार मिळतो तो केवळ करांच्या तत्त्वातून. मात्र तो आधार स्वीकारला की त्याचे मापही स्वीकारावे लागते: एका मुक्कामामागे राज्याच्या करांतून जेवढे साहाय्य मिळते, तेवढाच दोन दरांतील फरक असावयास हवा.

विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण या कसोटीवर उद्बोधक ठरते. २०१५–१७ च्या अर्थसंकल्पाने तेथील राज्य उद्यानांच्या चालू खर्चाला सर्वसाधारण करांतून मिळणारे साहाय्य बंद केले. त्याच वेळी मोटारीच्या वार्षिक परवान्याचा दर रहिवाशांसाठी २५ वरून २८ डॉलर व परराज्यीयांसाठी ३५ वरून ३८ डॉलर करण्यात आला. म्हणजे चालू खर्चापुरता करांचा आधार गेला, पण १० डॉलरचा फरक जसाच्या तसा राहिला. जमीन-खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा भार करदात्यांवर राहतो, हे मान्य केले तरी करांचे साहाय्य घटल्यावर फरक अजिबात घटू नये, याचा उलगडा त्यातून होत नाही. एकदा रूढ झालेला दरभेद आपल्या कारणापेक्षा अधिक काळ टिकतो, असे यावरून दिसते.

आयडाहोच्या पाच उद्यानांचा भूगोलही विचारात घेण्याजोगा आहे. बेअर लेक हे सरोवर युटा राज्याच्या सीमेवर पसरलेले आहे. हेल्स गेट उद्यान लुइस्टन शहराजवळ असून स्नेक नदीच्या पलीकडे वॉशिंग्टन राज्यातील क्लार्कस्टन वसले आहे. प्रीस्ट लेक व राउंड लेक राज्याच्या उत्तर टोकाकडे आहेत. परिणामी, नदी ओलांडून येणारा शेजारी दुप्पट शुल्क देतो आणि राज्याच्या दक्षिण भागातून शेकडो मैल प्रवास करून येणारा रहिवासी कमी दराने राहतो. पाचवे उद्यान फॅरागट. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, मध्यवर्ती सरकारने तेथे नौदलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र उघडले होते. १९६५ मध्ये त्या भूमीवर राज्य उद्यान झाले. ज्या भूमीच्या पूर्वेतिहासात सबंध राष्ट्राच्या करदात्यांचा पैसा आहे, तेथे 'आमचे उद्यान' या शब्दांचा अर्थ लावणे सोपे नाही.

न्यायालयांनी या विषयात राज्यांना बरीच मोकळीक दिली आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ कॅरोलायनाचा एक कायदा रद्द ठरविला. त्यात कोळंबी पकडणाऱ्या नौकेस रहिवाशाकडून २५ व परराज्यीयाकडून २,५०० डॉलर परवाना-शुल्क घेतले जात होते. तेथे प्रश्न उपजीविकेचा होता. उलट, १९७८ च्या बाल्डविन खटल्यात मोंटानातील एल्क जातीच्या हरणाच्या शिकारीसाठी रहिवाशाला ९ डॉलर, तर परराज्यीयाला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना, हा भेद न्यायालयाने बहुमताने वैध मानला. हौसेची शिकार हा राष्ट्रीय नागरिकत्वाच्या मूलभूत हक्कांत मोडत नाही, असे बहुमताचे प्रतिपादन होते. तीन न्यायाधीशांचा त्यास विरोध होता. पुढे १९८० मध्ये, राज्य आपल्या सिमेंट कारखान्याचा माल स्वतः विकत असेल तर आपल्या रहिवाशांना अग्रक्रम देऊ शकते, असाही निर्णय झाला. मात्र १९९७ मध्ये मेन राज्यातील मुलांच्या एका उन्हाळी शिबिराच्या खटल्यात, मुले प्रामुख्याने बाहेरची म्हणून खासगी धर्मादाय संस्थेला करसवलत नाकारणे न्यायालयाने अवैध ठरविले. राज्य स्वतःची वस्तू विकते तेव्हा त्याला मिळणारी मोकळीक, ते इतरांवर कर बसविते तेव्हा मिळत नाही, असा या निर्णयांचा एकत्रित आशय सांगता येईल.

दरभेदावर प्रत्यक्ष मर्यादा आली ती अनुदानाच्या मार्गाने. १९६५ पासून अमलात असलेल्या भूमी व जल संवर्धन निधीच्या कायद्याने मध्यवर्ती सरकार राज्यांना उद्यानांची जमीन व सोयी यांच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत साहाय्य देते. असे साहाय्य मिळालेल्या ठिकाणी निवासावरून भेद करण्यास बंदी आहे. केवळ शुल्कात वाजवी फरक ठेवता येतो. संबंधित नियमांनुसार परराज्यीयाचे शुल्क रहिवाशाच्या दुपटीहून अधिक असता कामा नये, आणि आगाऊ नोंदणीची सोय व मुदत दोघांनाही सारखीच असली पाहिजे. आयडाहोचे ७ व १४ हे आकडे या मर्यादेवर तंतोतंत बसतात. नोंदणीत अग्रक्रम देण्याचा मार्ग बंद असल्यामुळे गर्दीची तक्रार शुल्काच्या रूपाने व्यक्त होते, हेही येथे ध्यानात येते. जे साधन मूलतः करांचा वाटा वसूल करण्याचे, त्याच्यावर जागा राखून ठेवण्याचे काम येऊन पडते.

भारतीय अभ्यासकास हा वाद अगदी अपरिचित नाही. १९५५ च्या डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात, इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने केवळ परराज्यीय विद्यार्थ्यांकडून अधिक शुल्क घेणे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वैध मानले. संविधानाने जन्मस्थानावरून भेद निषिद्ध केला आहे. निवास ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, असा तो युक्तिवाद होता.

सारांश, परराज्यीयाकडून अधिक शुल्क घेण्याचा राज्याचा अधिकार दोन्ही देशांत मान्य झाला आहे. अनिश्चित आहे ते त्याचे प्रमाण. दुप्पट ही कायद्याने आखलेली कमाल मर्यादा आहे, हिशेबाने निघालेली किंमत नव्हे. उद्यानाच्या खर्चात राज्याच्या करांचा, मध्यवर्ती अनुदानाचा आणि शुल्काचा वाटा किती, हे वेगवेगळे मांडल्याशिवाय न्याय्य फरक ठरविता येणार नाही. तो हिशेब मांडला जात नाही तोवर दरपत्रकातील भेद सीमेपलीकडच्या माणसास मतदानाचा अधिकार नाही एवढेच सिद्ध करतो.