यकृत हातात धरून पाहताना

दिंडोशीकरांना बोगद्याची भाषा आता पाठ झाली आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार. खडक कुठे पक्का, पाणी कुठे झिरपते, हे यंत्र लावण्याआधीच तपासावे लागते, हे फिल्मसिटीच्या रस्त्यावर कोंडीत अडकलेला रिक्षावालाही सांगेल. पित्तनलिकेतला खडा काढणाऱ्या डॉक्टरपुढेही हाच प्रश्न असतो. मात्र त्यांची वाट सहा-सात मिलिमीटर रुंद असते आणि रुग्णाच्या प्रत्येक श्वासाबरोबर हलते.

ही वाट आधीच तपासायला थ्रीडी छपाई कामी येऊ शकते. तिच्या बातम्या वाचून अनेकांना वाटते की आता अवयवच छापून मिळणार. इथे विषय तो नाही. इथे छापायची आहे ती रुग्णाच्या यकृताची आणि त्यातल्या नळ्यांची हुबेहूब प्रतिकृती, शस्त्रक्रियेआधी हातात धरून फिरवून पाहण्यासाठी.

उपनगरातल्या कुठल्याही पोटविकारतज्ज्ञाच्या केबिनमध्ये दिसणारे एक दृश्य आठवा. काविळीने डोळे पिवळे झालेले आजोबा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फिल्म आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पेनाने अधोरेखित केलेली ‘सीबीडी १२ एमएम’ (म्हणजे मुख्य पित्तनलिका १२ मिलिमीटर रुंद) ही ओळ. डॉक्टर प्रिस्क्रिप्शनच्या कोऱ्या बाजूवर झाड काढतात. फांद्या यकृतात, खोड खाली लहान आतड्याकडे, आणि खोडात एक ठिपका. ‘हा खडा.’ सून मान डोलावते, पण चेहऱ्यावरचा गोंधळ तसाच असतो.

या आजोबांना छापील यकृताची गरज नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. खोडातला साधा खडा ईआरसीपीने निघतो. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत न्यायची, नलिकेचे तोंड छेद देऊन मोठे करायचे, फुग्याने किंवा तारेच्या जाळीने खडा बाहेर ओढायचा. या छेदाची माहिती १९७४ साली जपान आणि जर्मनीतून प्रथम प्रसिद्ध झाली. खडा जाळीत न मावण्याइतका मोठा असेल, तर त्यावर मुंबईतच मोठे काम झाले आहे. पद्मश्री डॉ. अमित मायदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नलिकेच्या आत बारीक दुर्बीण घालून लेसरने खडे फोडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पित्तनलिकेत असे अवघड खडे असलेले ६० रुग्ण होते. सगळ्यांची नलिका मोकळी झाली, त्यातल्या ५० जणांची एकाच बैठकीत. त्यांच्या यशाचे बळ खडा डोळ्यांसमोर दिसण्यात होते. छापील प्रतिकृतीचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

मग प्रतिकृती हवी कुणाला? ज्यांचे खडे खोडात नसून यकृताच्या आतल्या फांद्यांत अडकले आहेत, त्यांना. फांद्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते. साधारण दहातल्या चार जणांत ती पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. उजव्या बाजूची फांदी डावीकडच्या नळीला जाऊन मिळालेली असते, कुठे नळी आक्रसलेली असते. कुणाचे आतडे आधीच्या शस्त्रक्रियेत वेगळे जोडलेले असते, त्यामुळे तोंडाकडून वाटच उरत नाही. अशा वेळी बरगड्यांमधून सुई घालून फांदी गाठावी लागते. कोणती फांदी निवडली तर दुर्बीण कमी वळणांत खड्यापर्यंत पोहोचेल आणि रक्तवाहिनी वाचेल, हे सपाट पडद्यापेक्षा हातातल्या प्रतिकृतीवर लवकर उमगते. यकृतातल्या खड्यांचा आजार पूर्व आशियात बराच आढळतो. त्यामुळे चीनमधल्या शल्यचिकित्सकांनी अशा आखणीसाठी प्रतिकृती वापरून पाहिल्या.

बनवण्याची रीत कळली की भरवसा किती ठेवायचा तेही कळते. एमआरसीपी या पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीत साचलेले पित्त पांढरेशुभ्र दिसते आणि खडा त्यात काळ्या भोकासारखा. संगणकावर एकेक काप उघडून नळी, शीर, धमनी वेगवेगळ्या रंगात रेखाटायची. तासन्‌तास खाणारे काम हेच. यंत्र पुढे थरावर थर चढवत जाते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०१३ साली यकृतदाते आणि रुग्ण यांची पारदर्शक यकृते छापली, तेव्हा प्रत्यक्षातल्या आणि छापलेल्या वाहिन्यांच्या व्यासात १.३ मिलिमीटरपेक्षा कमी फरक निघाला. उत्तमच, पण सहा मिलिमीटरच्या नळीत तेवढाही फरक जाणवतो. शिवाय तपासणीनंतर खडा सरकू शकतो, बारीक खडे कापांच्या मधल्या जागेत निसटतात. आणि काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला असेल, तर नलिकेत जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा प्रतिकृतीची वाट पाहायची नाही आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे तर मुळीच जायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

एवढ्या मर्यादा असूनही प्रतिकृतीचे एक काम कुणी नाकारू शकणार नाही, ते म्हणजे शिकवण्याचे. नलिकेच्या तोंडात तार सरकवण्याचा सराव शिकाऊ डॉक्टरने जिवंत माणसावर करण्याआधी सिलिकॉनवर करावा. त्यात रुग्णाचे हितच आहे. केबिनमधल्या त्या सुनेच्या हातातही कागदावरच्या ठिपक्याऐवजी यकृत ठेवता येईल, आणि संमतिपत्रावर सही करताना ती कशाला हो म्हणते आहे ते तिला कळेल.

साधने दूर नाहीत. आरेच्या पलीकडे पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ साली ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले. दिंडोशीच्या चाळींतून आणि एसआरएच्या इमारतींतून रुग्ण जातात त्या कूपर रुग्णालयाला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. महापालिकेने या दोघांची गाठ घालून द्यावी. पालिकेच्या सगळ्या रुग्णालयांसाठी मिळून एक छपाई-कक्ष पुरे, तिथे कापांवर रंग भरणारे दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ हवेत, आणि फांद्यांत खडे अडकलेल्या गरीब रुग्णाला प्रतिकृतीचे वेगळे बिल लागता कामा नये.