रुग्ण फिरतो, नोंद मागेच राहते

सोयगाव तालुका कारभाराने मराठवाड्यात मोडतो, भूगोलाने मात्र खानदेशाला चिकटलेला आहे. अजिंठ्याचा डोंगर मध्ये आडवा असल्याने जिल्ह्याचे ठिकाण दूर पडते. पाचोरा, जळगाव जवळचे. येथील रुग्णाची पहिली तपासणी गावच्या आरोग्य केंद्रात, दुसरी जळगावला आणि पुढचा उपचार छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झाला, तर त्यात नवल नाही. नवल हे की, या तिन्ही ठिकाणांना जोडणारा दुवा म्हणजे नातेवाइकाच्या हातातील कागदांची पिशवी! कागद हरवला की तपासणी पुन्हा करावयाची. भुर्दंड मात्र मजुरी बुडवून आलेल्या माणसाला. एखादे औषध रुग्णास सोसत नाही, एवढी नोंद वेळेवर न मिळाली तरी प्राणावर बेतू शकते.

यावर उपाय योजलेच नाहीत, असे नव्हे. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. नोंदी त्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरांस पाहता येतात. कल्पना उत्तम आहे. परंतु क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. निदान, औषधे आणि अहवाल ठरलेल्या मांडणीत भरलेच गेले नाहीत, तर तो क्रमांक रिकाम्या खात्याच्या पासबुकासारखाच ठरेल.

राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणारी संगणक-प्रणाली २०२२ मध्ये बंद झाली आणि पुन्हा कागदाचा आश्रय घ्यावा लागला. धडा स्पष्ट आहे : प्रणाली पुरविणारा बदलला तरी नोंद अबाधित राहिली पाहिजे, त्यासाठी समान मानकांची अट करारातच हवी.

प्रश्न संमतीचाही आहे. क्षयरोग किंवा गर्भपाताची नोंद कोणी पाहावी, हे रुग्णाने ठरवावयाचे. पण घरातील एकमेव मोबाइल पतीच्या खिशात असेल, तर पत्नीची संमती कोणाची? म्हणून संमतीचा मजकूर सोप्या मराठीत असावा, तो समजावून सांगणारा माणूस केंद्रात असावा आणि नोंदी भरण्याचा भार आधीच वाकलेल्या परिचारिकेवर टाकू नये. यंत्रे मुंबई-दिल्लीत बसविता येतील. योजनेची परीक्षा मात्र सोयगावच्या आरोग्य केंद्रातच होणार आहे.