बंद खिडक्यांआडचा हिवाळा

मार्गशीर्ष लागला, की पुणे-नाशिकपासून थेट विदर्भापर्यंत सूर्यास्ताबरोबर खिडक्या लावून घेण्याचा जो प्रघात घरोघरी सुरू होतो, तो थंडीच्या निवारणार्थ सर्वस्वी स्वाभाविक असला, तरी रात्रभर ज्या हवेत आपण श्वासोच्छ्वास करतो तिची दखल घेणे त्यामुळेच अगत्याचे होते. मोठ्या शहरांत बाहेरची हवा दूषित आणि घरातली निर्धोक, अशी आपली दृढ समजूत असते. परंतु बाहेरून शिरलेल्या धुळीला परत जाण्यास वाट उरली नाही आणि तिच्यात घरातल्याच ज्वलनाची भर पडत राहिली, म्हणजे ही समजूत टिकत नाही.

बंद खोलीतील हवा किती कोंदट झाली हे मोजण्याचे एक सुबोध परिमाण म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचविले. उच्छ्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लक्ष भागांत एक हजाराच्या वर गेले, तर खोलीतील वायुवीजन अपुरे समजावे, असा त्यांचा दंडक होता. तो वायू एवढ्या अल्प प्रमाणात स्वतः घातक नसतो. मात्र त्याच्याबरोबर इतर काय काय साचले असेल याची तो साक्ष देतो. आज बाहेरच्या मोकळ्या हवेतच त्याचे प्रमाण चारशेवीसच्या आसपास असल्यामुळे, दोघे-तिघे निजलेल्या आणि सर्व तावदाने लावलेल्या लहानशा खोलीत ही मर्यादा मध्यरात्रीपूर्वीच ओलांडली जाते.

मग खिडकी उघडावी तरी केव्हा? पहाटेची हवा शुद्ध, हा आपला पिढीजात विश्वास. आणि वाहनांच्या वर्दळीच्या शहरात, हिवाळ्यापुरता तरी, तो सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात उत्सर्जित करते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरल्यामुळे खालचा धूर वर चढू शकत नाही; भांड्यावर झाकण ठेवावे, तशी ही अवस्था उन्हे चांगली वर येईपर्यंत टिकते. म्हणून खिडक्या सताड उघडण्याची योग्य वेळ सकाळी दहा-अकरानंतरची आणि विशेषतः दुपारची. त्या वेळी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या, तर थोडक्या अवधीत घरातली हवा पालटते. रात्री निजताना मात्र खिडकीची एक फट उघडी असावीच.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न आपण घरात काय जाळतो हा आहे. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून ओवा-बाळंतशेपांची धुरी देण्याची आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल मायेपोटी आलेली खरी. पण धुराडे आणि झरोके असलेल्या जुन्या घरात जी गोष्ट कशीबशी निभावत असे, ती काँक्रीटच्या बंदिस्त खोलीत नवजात अर्भकाच्या फुप्फुसांवर घाला घालते. शेक द्यावयाचाच, तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. डासांच्या कॉइलीविषयी तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, चीन व मलेशियातील नमुने तपासून, एका कॉइलीतून पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असा निष्कर्ष निघाला होता. ज्या घरात मच्छरदाणी लावण्याजोगी जागा आहे, तिथे कॉइलीला मुळीच मुभा नसावी.

अशा धुरावर उतारा म्हणून आणलेली हवा शुद्ध करणारी यंत्रे कण पकडतात. पण अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या वायूपुढे त्यांची चाळण निरुपयोगी. हवा शुद्ध होईल म्हणून घरात ठेवलेल्या कुंड्यांतील झाडांवरही फार भिस्त ठेवू नये.

आणि या कार्बन मोनॉक्साइडचेच भय हिवाळ्यात सर्वांत मोठे, कारण स्नानगृहातील गॅस गीझर. कोंडलेल्या जागेत ज्योत जळत राहिली, की प्राणवायू अपुरा पडून ज्वलन अर्धवट होते आणि हा रंगहीन, गंधहीन वायू निर्माण होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. गळती ओळखता यावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. त्यामुळे वास आला नाही म्हणजे धोका नाही, असे माणसे धरून चालतात, आणि डोके जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे ही लक्षणे थकव्यावर ढकलली जातात. गीझर आणि सिलिंडर दोन्ही स्नानगृहाबाहेर मोकळ्या हवेत बसविण्याची तजवीज करावी. हाच निर्वेध बंदोबस्त.

तरीही कोणी आत बेशुद्ध पडल्यास दार उघडून त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, आणि प्राणवायू देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे. तिथे पोहोचताच गीझर चालू होता हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. कारण बोटाला लावावयाचे साधे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्तच समजते आणि रुग्ण गुदमरलेला असतानाही निर्धोक आकडा दाखविते. खरा प्रकार उमगतो तो त्यासाठी केलेल्या रक्ततपासणीतून.