गंज उतरवा, हत्यार वाचवा

पावसाळा सरत आला की जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत, वेल्डिंगच्या दुकानांत आणि सुतारांच्या कारखान्यांत एकच तक्रार ऐकू येते : हत्यारे गंजली. उन्हाळ्यात खान्देशची हवा इतकी कोरडी असते की लोखंडाची फिकीर वाटत नाही. पण पावसाच्या ओलाव्यात पाने, पकडी, रंध्याची पाती आणि सुऱ्या लाल पडतात. मग कारागीर बंधू हाताशी असलेला उपाय करतात, तो म्हणजे तेजाबाची बाटली. हा उपाय स्वस्त दिसतो खरा, पण हत्यार, तब्येत आणि कायदा या तिन्ही बाजूंनी तो महाग पडतो, असे आमचे सांगणे आहे.

लोखंडाचे काम आपल्याला परके नाही. कुरआनातील 57व्या सूरहचे नावच 'अल-हदीद', म्हणजे लोखंड आहे. हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखते बनविण्याचा हुन्नर अल्लाहने शिकविला, हेही वाचकांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या शिकलगार बिरादरीचे नाव 'सैकल' या अरबी शब्दाशी जोडलेले आहे. सैकल म्हणजे घासून चकाकी देणे. जुन्या हत्याराला पुन्हा कामाचे करणे हा पिढीजात हुन्नर आहे.

तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, गंज झटपट खाते. पण गंज संपल्यावर ते थांबत नाही, खालचे पोलादही खाऊ लागते. स्प्रिंग आणि पाती यांसारख्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ होते आणि ऐन कामात तुटते. त्याची वाफ बंद दुकानात कोंडली की फळीवरचा नवा मालही गंजतो. डोळ्यांना आणि फुफ्फुसांना होणारी इजा वेगळीच.

हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 18 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी यांच्या खटल्यात तेजाबाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण लिहून घ्यावे आणि 18 वर्षांखालील मुलाला विकू नये, असे त्या आदेशात आहे. साठ्याची माहिती 15 दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कसूर झाल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग सौम्य उपाय कोणता? सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात ते लिंबूफूल या नावाने मिळते. कृती अशी :

1. हत्यारावरचे तेल-ग्रीस साबणाने धुऊन काढा. तेलाखाली औषध पोचत नाही.

2. प्लास्टिकच्या टबात दर लिटर कोमट पाण्यास 50 ग्रॅम लिंबूफूल विरघळवा आणि हत्यार पूर्ण बुडेल असे ठेवा.

3. हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो. जाड गंजाचे पाने इशाच्या नमाजनंतर भिजत घालून फज्रनंतर काढावेत. पाती आणि स्प्रिंग मात्र रात्रभर ठेवू नयेत. दर अर्ध्या तासाने पाहावे.

4. तारेच्या ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा. त्याने उरलेली आंबट मारली जाते.

5. लगेच पुसून उन्हात वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. हे टाळले तर उघड्या पोलादावर तासाभरातही पुन्हा तांबूस थर दिसू लागतो.

लिंबूफूल नसेल तर घरातला सिरकाही चालतो, मात्र त्याला वेळ जास्त लागतो. जाळी किंवा गेट रंगवायचे असेल तर फॉस्फोरिक ॲसिडाचे तयार द्रावण लावावे. ते गंजाचे रूपांतर फॉस्फेटच्या थरात करते आणि त्यावर रंग चांगला बसतो. रॉकेलने जाम झालेला नट सैल होतो, पण गंज विरघळत नाही.

काही सावधगिरी हवीच. जस्त चढविलेले पत्रे व बोल्ट या पाण्यात घालू नयेत, जस्तच निघून जाईल. लाकडी मुठी काढून ठेवाव्यात. ब्लीचिंग पावडर त्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. सौम्य असले तरी हे आम्लच आहे, हातमोजे घालावेत. धुळ्यातील यंत्रमागवाल्यांनी फणी अशा पाण्यात बुडवू नये. तिच्या बारीक पात्यांमध्ये ओल अडकून राहते आणि गंजाचा डाग थेट कापडावर उतरतो. फणी कोरडी ठेवणे हाच तिचा इलाज.

शेवटी तिजारतीची गोष्ट. जुनी हत्यारे विकणाऱ्यांपैकी काहीजण गंजावर रंग मारून माल पुढे करतात. मालाचा ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते. त्याऐवजी एक रात्र भिजवून, घासून, तेल लावून तेच हत्यार मांडले तर दामही चांगला येतो आणि गिऱ्हाईकही परत येते. एका रात्रीच्या सब्राने बापजाद्यांचा पाना वाचत असेल, तर तेजाबाची घाई कशासाठी?