निबंध सांगू नये, विचारावा

निबंधाची शिकवणी म्हणजे तयार निबंध उतरवून देणे, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. एकदा दहावीतल्या मुलीने 'माझी आई' लिहून आणला. त्यातली आई पहाटे उठून सडा घालणारी, प्रेमळ, कष्टाळू. मी विचारले, "तुझी आई किती वाजता उठते?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "सर, आई रात्रपाळीला असते. मी शाळेला निघते तेव्हा ती घरी येते." भरल्या वर्गात ती हे बोलली नसती.

आम्ही साने गुरुजींची 'श्यामची आई' उघडली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई लुगड्याचे ओचे पसरते. माया कळते ती प्रसंगातून. "विशेषणे काढ, पाहिलेले लिही," एवढेच मी सांगितले. तिने मोठ्याने वाचायचे, अडखळेल तिथे खूण करायची आणि वाक्यही तिनेच सुधारायचे, असे ठरले.

पुढच्या आठवड्यात तिचा निबंध दारातल्या चपलांपासून सुरू झाला. एक जोड आत येणारा, एक बाहेर निघालेला. त्यातला एकही शब्द माझा नव्हता. पालकांनीही घरी हे जरूर करून पाहावे.