केंटकीचे पत्र : कोळशाच्या डोंगरांतला गवई

लेक्सिंग्टन : केंटकीच्या पूर्वेला ॲपलाचियन डोंगरांतून जाणारा ‘यूएस २३’ हा रस्ता सरकारदरबारी ‘कंट्री म्युझिक हायवे’ म्हणून नोंदलेला आहे. सात काउंट्या ओलांडणाऱ्या या रस्त्यावर त्या त्या भागातल्या गायकांच्या नावांच्या पाट्या उभ्या आहेत : लोरेटा लिन, रिकी स्कॅग्ज, पॅटी लव्हलेस, ड्वाइट योकम. अमेरिकेतल्या अत्यंत गरीब पट्ट्यांपैकी हा एक. इथे स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्यांनी फिडल आणि कथागीते आणली, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांकडून बँजो आला, चर्चने चारचौघांत मोकळ्या गळ्याने गायला शिकवले. बाकीचे कोळशाने केले. खाणीत यंत्रे आली, हातांचे काम गेले आणि हाच रस्ता धरून माणसे ओहायो-मिशिगनच्या कारखान्यांकडे निघाली. मागे राहिलेल्यांनी आणि निघून गेलेल्यांनी, दोघांनीही गाणी लिहिली.

कंट्री गायक टायलर चाइल्डर्स याच रस्त्यावरच्या लॉरेन्स काउंटीचा. जन्म १९९१चा. वडील कोळशाच्या धंद्यात, लहानपणीचे गाणे बॅप्टिस्ट चर्चमधले. विशीच्या उंबरठ्यावर, २०११मध्ये, त्याने पहिला अल्बम स्वतःच काढला आणि पुढची काही वर्षे केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या बारमध्ये गाण्यात घालवली. २०१७मध्ये ‘पर्गेटरी’ हा अल्बम आला आणि त्याचे नाव देशभर झाले. या अल्बमच्या निर्मात्यांपैकी एक स्टर्जिल सिम्प्सन, तोही पूर्व केंटकीचाच.

कंट्री संगीताची पेठ म्हणजे नॅशव्हिल. तिथल्या कंपन्या आणि रेडिओ केंद्रे ठरवतात तेच गाणे चालते, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. चाइल्डर्स रेडिओच्या आधाराशिवाय, मैफलींच्या आणि इंटरनेटच्या बळावर मोठा झाला. २०१८मध्ये ‘अमेरिकाना’ या कंट्रीजवळच्या पण वेगळ्या मानल्या जाणाऱ्या संगीताच्या संस्थेने उदयोन्मुख कलाकाराचा पुरस्कार दिला, तेव्हा त्याने व्यासपीठावरूनच बजावले की आपण कंट्री गायक आहोत, आपल्याला तेच म्हणा.

त्याचे ‘नोज ऑन द ग्राइंडस्टोन’ ऐकले की हा भाग कळतो. खाणीत राबलेला बाप मुलाला सांगतो : काम कर आणि गोळ्यांच्या नादी लागू नकोस. या गोळ्या म्हणजे वेदनाशामके. खाणीत पाठ मोडलेल्या माणसांना डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या आणि त्यांच्या व्यसनाने या डोंगरांतली घरेच्या घरे बुडाली. गाण्यात आरडाओरडा नाही, उपदेशाचा आव नाही. बाप बोलतो तसा बाप बोलतो. मला हे त्याचे सर्वांत थोर गाणे वाटते.

आणि हा माणूस आपल्याच श्रोत्यांना न रुचणारे बोलायला कचरत नाही. २०२०मध्ये त्याने जुन्या धर्तीच्या फिडलवादनाचा ‘लाँग व्हायोलंट हिस्टरी’ हा अल्बम काढला. शेवटच्या एकाच गाण्यात शब्द होते, आणि ते कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाबद्दल होते. सोबतच्या चित्रफितीत त्याने ग्रामीण गोऱ्या श्रोत्यांना, स्वतःला कृष्णवर्णीयांच्या जागी ठेवून पाहा, अशी विनंती केली. २०२३च्या ‘इन युअर लव्ह’ या गाण्याच्या चित्रफितीत दोन खाणकामगार पुरुषांचे प्रेम होते, ती केंटकीचे लेखक सायलस हाउस यांनी लिहिली. यावर काही जण तुटून पडले, पण बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत शिरलेले त्याचे पहिले गाणे हेच. परगावच्या विद्वानाने हे सांगितले असते तर इथे कोणी उंबऱ्याशीही उभे केले नसते. घरचा मुलगा सांगतो, म्हणून निदान ऐकून घेतात.

२०२५च्या जुलैमध्ये ‘स्नाइप हंटर’ हा अल्बम आला. त्यात चक्क ‘तीर्थयात्रा’ नावाचे गाणे आहे : भगवद्गीतेने भारावलेला केंटकीचा माणूस भारतात येण्याची ओढ बोलून दाखवतो, तीही आपल्या डोंगरी उच्चारांत. ‘नोज ऑन द ग्राइंडस्टोन’ही इतकी वर्षे मैफलींत गायल्यानंतर याच अल्बममध्ये घेतले आहे.

मराठी वाचकाने सुरुवात मात्र ‘पर्गेटरी’पासून करावी. उच्चार कानाला अवघड जातील, म्हणून पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐकावे.