आधी आतून, मग बाहेरून!

रविवारची सकाळ. माझ्या वयाची सगळी पब्लिक अजून पांघरुणात आणि मी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन बादल्या घेऊन उभी! कारण? पुढच्या शनिवारी भावाचा साखरपुडा, तोही नाशिकला. आणि आमच्या २०१२ च्या सिल्व्हर वॅगन आरच्या मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने ‘मला धुवा’ असं लिहून ठेवलेलं.

एका डिटेलिंगवाल्याला फोन केला होता. रेट ऐकून फ्रीलान्सरच्या खिशाला घामच फुटला. म्हटलं, घरीच करू. बाबांचं मत ठरलेलं, ‘‘अगं, फडका मारला की झालं! इतकी वर्षं मी तेच करतोय.’’

पण बॉस, फडका मारणं वेगळं आणि डिटेलिंग वेगळं. धुतल्याने वरची धूळ जाते. डिटेलिंगमध्ये गाडीचा कानाकोपरा साफ होतो आणि रंगाचीही काळजी घेतली जाते. फंडा सिंपल आहे, आधी आतून, मग बाहेरून. उलटं केलंत तर आतली धूळ धुतलेल्या गाडीवर येऊन बसते.

सीटखालचा खजिना

फूटमॅट बाहेर काढले, सीट पूर्ण मागे सरकवल्या आणि घरचाच व्हॅक्युम क्लीनर लावला. काय काय निघालं! गुहागरची वाळू, शेंगांची टरफलं, घाटात मला गाडी लागायची तेव्हाची आवळासुपारी. एसीच्या जाळ्यांमधली धूळ मेकअपच्या जुन्या ब्रशने मस्त निघते. डॅशबोर्डला ओलसर मायक्रोफायबरचं कापड पुरतं. चकचकीत स्प्रे मारू नका, उन्हात त्याची तिरीप समोरच्या काचेवर पडते. सीटवर पाणी ओतायचं नाही. आतला फोम लवकर वाळत नाही आणि मग कुबट वास सुटतो.

ग्लव्ह बॉक्समध्ये बाबांची डायरी सापडली. तारीख, लिटर, किलोमीटर, पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळच्या पेट्रोलची नोंद! चाळता चाळता एक गोष्ट खटकली. पूर्वी दर दहा-बारा दिवसांनी पंपावर जाणाऱ्या बाबांना गेलं वर्षभर एक टाकी दीड-दीड महिना पुरत होती. म्हटलं, रिटायर माणूस, जाणार तरी कुठे? आणि डायरी जागेवर ठेवून दिली.

नखाची टेस्ट

आता बाहेरची बाजू. गाडी सावलीत हवी आणि बॉनेट गार. आधी चाकं, त्यांचा फडका वेगळा. मग छतापासून खाली, कारण सगळ्यात जास्त खडी-माती खालच्या भागात असते. एका बादलीत कार शाम्पू, दुसरीत फडका पिळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो रंगावरचं वॅक्सच धुऊन नेतो.

गाडी पुसून कोरडी झाली की पॉलिश. रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. ओरखडा या थरातच असेल तर पॉलिशने जातो. ओळखायचं कसं? नख फिरवा. नख अडकलं, तर घासण्यात अर्थ नाही.

उजवी बाजू अर्ध्या तासात लखलखली. डाव्या बाजूला आले आणि हात थांबला. बंपरचा कोपरा, आरसा, मागचं दार, सगळीकडे ओरखडे, त्यात गेटच्या खांबाचा पिवळा-काळा रंग घासलेला. प्रत्येक ठिकाणी नख अडकत होतं. आणि उजवीकडे? एकही नाही!

‘‘बाबा, हे काय?’’

‘‘अगं, तो खांबच मध्ये येतो,’’ ते हसले. मी हसले नाही. मला ती डायरी आठवली. ‘‘बाबा, तुम्ही गाडी चालवायचं टाळताय का?’’

ते बराच वेळ तोच एक आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘डावीकडून रिक्षा एकदम समोर येतात गं. कुठून येतात, कळतच नाही.’’

सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर. समोर बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं, अशी टेस्ट. डावीकडचे कितीतरी ठिपके बाबांना दिसलेच नाहीत. काचबिंदू! दुखत नाही, खुपत नाही, बहुतेक वेळा कडेची नजर हळूहळू जाते आणि माणसाला वाटतं, खांबच मध्ये येतो. गेलेली नजर परत येत नाही, पण औषधाने उरलेली टिकवता येते. बाबांचे ड्रॉप्स सुरू झाले, ड्रायव्हिंग बंद झालं.

शनिवारी नाशिकपर्यंत गाडी मी चालवली. बाबा डाव्या सीटवर, पूर्ण रस्ताभर ‘‘गिअर बदल, गिअर बदल’’! सिन्नरला पेट्रोल भरलं. त्यांनी डायरी काढली आणि तारीख, लिटर, किलोमीटर लिहून पुढे आणखी दोन शब्द लिहिले, ‘चालक : कन्या’.

नातेवाईक म्हणाले, गाडी नवी घेतली की काय? डाव्या बाजूला मात्र कुणी फिरकलं नाही. ते ओरखडे अजून तसेच आहेत.

जाता जाता...

* जमिनीवर पडलेला फडका रंगाला पुन्हा लावू नका, त्यातल्या मातीने ओरखडे पडतात.
* काचा सगळ्यात शेवटी, आतूनही पुसा.
* पॉलिशनंतर वॅक्स विसरू नका.
* सगळे ओरखडे एकाच बाजूला दिसले, तर चालवणाऱ्याला रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. आणि चाळिशीनंतर तर ओरखड्यांची वाटही बघू नका.